पिसे कुठली गेली, ते आधी बघा: परसातल्या कोंबड्यांचे कातडीचे त्रास

चिपळूणजवळच्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या परसात सात गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. खुराडे जांभ्याचे, वर पत्रा, आत बसायला बांबूच्या दांड्या. गणपतीनंतर तिघींच्या पाठीवरची पिसे गेली. एकीचा गुदद्वाराजवळचा भाग लाल होऊन उघडा पडला आहे. दोन तलंगांच्या (तरुण कोंबड्यांच्या) तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळपट फोड आले आहेत. सगळ्यांत जुन्या कोंबडीच्या पायांचे खवले उचलले आहेत, ती लंगडते. शेजारचे म्हणतात ही सगळी एकच खरूज आहे, रॉकेल लावा. ताईंना सर्वांना चालेल असे एक औषध हवे आहे.

ताई, असे एक औषध नाही, कारण तुम्ही लिहिलेत ते आजार चार आहेत. पक्षी न बघता हे सांगू शकतो, कारण कोणत्या कोंबडीचे नेमके कुठे बिघडले आहे ते तुम्ही नीट लिहिलेत. कोंबडीच्या कातडीच्या बाबतीत जागा कळली की निम्मे निदान होते. पाठ उघडी असेल तर आधी कोंबड्याकडे बघायचे. गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली उवा आणि बारीक किडे असतात. तुरा, पापण्या, चोचीची कड अशा पिसे नसलेल्या जागी डासांनी आणलेली देवी येते. पायाच्या खवल्यांखाली वेगळाच किडा राहतो, तो पिसांत कधी जात नाही. डोके, मान, छाती, पाठ, मग पंख आणि शेपूट अशा क्रमाने पिसे गळत असतील आणि उघड्या जागी काड्यांसारखे नवे कोंब दिसत असतील, तर तो आजारच नव्हे, कोंबडी पिसे बदलते आहे.

रॉकेलचे आधी सांगतो, कारण ते कदाचित आजच लावले जाईल. लावू नका. कोंबडीची कातडी फार पातळ असते, रॉकेलाने ती भाजते. शिवाय कोंबडी चोचीने पिसे साफ करते, तेव्हा ते पोटात जाते. फिनाईलचेही तसेच. शेतात फवारायचे कोणतेही कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात मारू नका. एका घरी आंब्यावर फवारून उरलेले औषध खुराड्यात मारले होते. सकाळी अकरापैकी दोनच कोंबड्या उभ्या होत्या, आणि त्या घरातल्या म्हातारीला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नव्हते. अजून कुठेकुठे फळीवर गॅमॅक्सिनचा जुना डबा निघतो. त्यात बीएचसी हे कीटकनाशक असते, त्यावर १९९७ पासून बंदी आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंबही कोंबडीला नकोत. त्यांत बहुधा फिप्रोनिल नावाचे कीटकनाशक असते आणि ते अंड्यात उतरते. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये खुराड्यातल्या किड्यांसाठी वापरलेल्या औषधातून हेच झाले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तुमची अंडी घरातली मुले खातात, म्हणून हे इतके लांबवून सांगतो आहे.

आता आज रात्री करायचे काम. साडेनऊ-दहाला, कोंबड्या दांडीवर बसून बराच वेळ झाला की बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे कापड दाबून फिरवा. कापडावर रक्ताच्या तांबड्या रेघा उमटल्या, तर तुमच्याकडे तांबडा किडा आहे. तो दिवसा दांडीच्या टोकाशी, बांबूच्या फटीत, भिंतीच्या भोकात दडून बसतो आणि रात्री अर्धा-पाऊण तास येऊन रक्त पिऊन परततो. म्हणून दिवसा कोंबडी उलटी-सुलटी केली तरी तो सापडत नाही आणि माणूस म्हणतो, काहीच नाही. तुरा फिका पडणे, अंडी कमी होणे, संध्याकाळी खुराड्यात जायचे टाळून झाडावर चढणे ही त्याची लक्षणे. खुराडे झाडणाऱ्या माणसाच्या हातांना खाज सुटली तर जवळजवळ खात्रीच.

तुमचे खुराडे जांभ्याचे आहे म्हणून मला याची काळजी जास्त वाटते. जांभ्याला जन्मतःच भोके असतात आणि या किड्याला त्याहून चांगले घर नाही. हा किडा ऊबदार हवेत सात ते दहा दिवसांत अंड्यापासून मोठा होतो, आणि रक्त न मिळता कित्येक महिने तग धरतो. म्हणजे कोंबड्या महिनाभर दुसरीकडे ठेवल्या म्हणून तो संपत नाही. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे तीन-तीन महिने कोंबडीला मलम चोळले जात होते. दांडी उचलली, तर तिच्या टोकाखाली राख सांडल्यासारखा करडा थर आणि त्यात तांबडे ठिपके चालताना दिसले. औषध कोंबडीला थोडे आणि खुराड्याला पुष्कळ लागते, एवढे माझ्या सगळ्या उत्तरातले ध्यानात ठेवलेत तरी पुरे.

खुराड्याचे काम असे करा. कोंबड्या सकाळी बाहेर सुटल्या की गवत, भुसा, जुनी विष्ठा सगळी खरवडून काढा आणि लांब नेऊन जाळा. खतात टाकू नका. बांबूच्या दांड्या सरळ बदला. बांबू पोकळ, त्यात किडे भरलेले असतात. त्या जागी दीड-दोन इंच जाड, कडा गोल केलेली लाकडी दांडी बसवा, आणि ती भिंतीत चिणू नका, खाचेत ठेवा, म्हणजे दर आठवड्याला उचलून टोके बघता येतील. भिंतींवर उकळते पाणी ओता, विशेषतः कोपऱ्यांत. वाळले की आतून जांभ्याला पातळ गिलावा करून घ्या, नाहीतर दाट चुन्याचे दोन हात द्या. भोके बुजली पाहिजेत, हे महत्त्वाचे. पशुवैद्यकाने दिलेले परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखे औषध फवारणार असाल तर रिकाम्या खुराड्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच मारा, पूर्ण वाळू द्या, मगच कोंबड्या आत घ्या. आठ-दहा दिवसांनी हे पुन्हा करायचे, कारण अंड्यांवर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही आणि पहिल्या खेपेला वाचलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात. लोक इथेच थांबतात आणि महिन्याभराने म्हणतात, औषध लागू पडले नाही.

घाटावर, मराठवाड्याच्या कोरड्या भागात मातीच्या आणि कुडाच्या खुराड्यांत याच जागी कोंबडीचा गोचीड असतो. चपटा, करडा, रक्त प्यायल्यावर निळसर, आणि तोही रात्रीचाच. त्याची पिल्ले पंखाखाली छऱ्यांसारखी चिकटलेली दिसतात. हा गोचीड नुसते रक्त पीत नाही, एक तापही पसरवतो. कोंबडी हिरवे हगते, पाय पडतात, मरते. लोक ती मानमोडी (राणीखेत) समजतात. उपाय तोच, भिंतीचा आणि फटींचा.

आता तुमच्या एकेका कोंबडीकडे येतो.

गुदद्वाराजवळ लाल झालेली कोंबडी दिवसा उजेडात मांडीवर उलटी धरा आणि तिथली पिसे चटकन बाजूला करा. गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचे किडे झरझर पळताना दिसले तर त्या उवा. पिसांच्या बुडाशी साबूदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे गुच्छ म्हणजे लिखा. पळणारे काही नाही, पण पिसे बुडाशी काळी आणि मळकट झाली आहेत, तर तिथेच मुक्काम करणारा दुसरा बारीक किडा आहे. हा तांबड्या किड्यासारखा दिवसा कोंबडीचे अंग सोडून जात नाही. दोन्हींत उपचार अंगावरच करायचा. लिखांनी भरलेली पिसे कात्रीने कापून जाळा. पशुवैद्यकाने कोंबडीसाठी म्हणून दिलेली पावडर गुदद्वाराभोवती, दोन्ही पंखांखाली आणि मानेच्या मागे बोटांनी कातडीपर्यंत पोचवा, आणि दहा दिवसांनी पुन्हा. कळपातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. उवा कोंबडीच्या अंगावरच जगतात, तुमच्या डोक्यात त्या राहणार नाहीत, तेवढी भीती सोडा.

खुडूक होऊन रवणीला बसलेली कोंबडी असेल तर ती आधी तपासा. ती एकवीस दिवस एका जागी बसते, धुळीत लोळत नाही, आणि पिल्ले निघाल्याबरोबर तिच्या अंगावरचे सगळे पिल्लांवर जाते. तिच्या पोटाखालची पिसे मात्र तिने स्वतः काढलेली असतात, अंड्यांना ऊब लागावी म्हणून. तिथे औषध नको.

धुळीत लोळणे ही कोंबडीची आंघोळ आहे. पावसाळ्यात कोकणात कोरडी माती चार महिने मिळत नाही आणि गणपतीनंतर उवांची तक्रार वाढते, यात नवल नाही. पडवीत पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यात एक टोपले ठेवा: बारीक वाळलेली माती, तेवढीच चाळलेली लाकडाची राख, आणि द्राक्षबागेवर धुरळतात त्या गंधकाच्या भुकटीची एक ओंजळ. राख ओली झाली की कातडीला झोंबते, म्हणून ओली होताच टाकून द्या. वेखंडाची पूड काही घरांत पिसांत चोळतात, उवांवर थोडा फरक पडतो. सीताफळाच्या बियांची पूडही लावतात, तिच्याने उवा मरतात, पण ती डोळ्यात गेली तर कोंबडीचा काय, माणसाचाही डोळा बिघडतो. मी ती वापरू देत नाही.

पाठीवरची पिसे गेलेल्या तिघींचे कारण बहुधा दोन कोंबडे हेच आहे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तुमच्याकडे सातांना दोन, आणि दोघांच्याही आवडीच्या त्याच दोन-तीन असणार. पिसाची दांडी मोडून बुडखा अंगात राहिला असेल तर ते कोंबड्याच्या नखांचे काम. पीस मुळासकट गेले असेल तर दुसरी कोंबडी उपटते आहे. मोडलेले बुडखे ओढून काढू नका, ते पुढच्या पिसे बदलाच्या वेळी आपोआप पडतात आणि तोवर पाठ उघडीच राहील, घाबरू नका. एक कोंबडा वेगळा करा किंवा द्या. राहिलेल्याच्या आऱ्यांची (पायामागच्या काट्यांची) टोके कानशीने बोथट करा, मुळापर्यंत नको, आत रक्त असते. कातडी फाटून रक्त आले असेल त्या कोंबडीला लगेच बाजूला काढा. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतच राहतात, एका दिवसात जीव जातो. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा, वर हळद आणि खोबरेल चालेल. मात्र तिला बाकीच्यांच्या नजरेआड नेऊन ठेवू नका, जाळीपलीकडे ठेवा. आठ दिवस दिसली नाही तर परत आल्यावर तिला नव्या कोंबडीसारखा मार पडतो.

याच दिवसांत त्या पिसेही बदलतात, त्यामुळे खाणे बघा. पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचे असते. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि भाकरीच्या तुकड्यांवर ते उगवत नाही आणि कोंबडी दुसरीचे पीस खायला बघते. मूठभर जवळा, शेंगदाण्याची पेंड, तुरीची चुणी, रानातून आणलेले वाळवीचे ढेकूळ, जे मिळेल ते द्या. खारवलेली मासळी देऊ नका, मिठाने कोंबड्या मरतात. नवे पीस पूर्ण यायला दोन-तीन महिने जातात आणि तोवर अंडी थांबतात. औषध देऊन ती सुरू होत नाहीत.

तलंगांच्या तुऱ्यावरचे फोड मात्र मला देवीचे वाटतात. आधी पिवळसर पुटकुळ्या, मग त्या वाढून एकमेकांत मिसळतात आणि काळ्या-तपकिरी खपल्या धरतात. मारामारीची जखम अशी वाढत नाही, ती तिसऱ्या दिवसापासून सुकायला लागते. देवीचा विषाणू मुख्यतः डासांमार्फत येतो, म्हणून पाऊस उघडल्यावर ही साथ. नावावरून काही घरांत उपचार करायला संकोच वाटतो, त्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण माणसांतली देवी १९७५ मध्येच भारतातून गेली. हा कोंबड्यांचा वेगळा विषाणू आहे, तो माणसाला होत नाही, आणि कोंबडीची सेवा करण्यात कसलाही दोष नाही.

या विषाणूवर औषध नाही. तीन-चार आठवड्यांत कोंबडी स्वतःच बरी होते आणि तिला पुन्हा तो सहसा होत नाही. आपले काम ती तोवर जगवायचे. खपल्या ओढू नका, रक्त येते आणि जखम चिघळते. दिवसाआड पोव्हिडोन आयोडीन कापसाने टेकवा, डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळे चिकटले असतील तर कोमट, अगदी हलक्या मिठाच्या पाण्याने पापण्या सोडवा. आंधळी झालेली कोंबडी दाणा समोर असून उपाशी मरते, तेव्हा चोच वाटीत बुडवून पाणी पाजा आणि भिजवलेले खाद्य हाताने भरवा. पडलेल्या खपल्या वेचून जाळा, त्यांत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत असतो. रोज चोच उघडून बघा. जिभेवर किंवा घशात पिवळट साय चिकटलेली दिसली आणि कोंबडी मान ताणून श्वास घेत असेल, तर तो देवीचा आतला, जीवघेणा प्रकार आहे. तिथे घरचे उपाय थांबवून पशुवैद्यकाकडे जा. अँटिबायोटिक मेडिकलमधून आणून देऊ नका. जखमेत दुसरे जंतू शिरले तरच ते लागते, आणि ते बघून ठरवायचे असते.

बाकीच्या निरोगी पक्ष्यांना लस टोचता येते. थोड्यांनाच लागण असताना टोचली तर साथ अडते. पुढच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची झाली की टोचा. पंखाच्या कातडीच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात आणि सात ते दहा दिवसांनी तिथे बारीक गाठ आली का ते बघतात. आली तर लस लागली. अडचण एवढीच की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, फोडल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि बर्फाच्या डब्यात आणा. त्याबरोबर संध्याकाळी खुराड्याला बारीक जाळी लावणे आणि आसपासची डबकी, करवंट्या, जुने टायर रिकामे करणे आलेच.

जुन्या कोंबडीचे पाय. हा खवल्यांखाली बिळे करणारा किडा, आणि तो म्हाताऱ्या पक्ष्यांवर जास्त दिसतो. पायांचे खवले भाकरीच्या पापुद्र्यासारखे उचलतात, पांढरी भुकटी साठते, शेवटी बोटे वाकडी होतात. पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा, जुन्या दातांच्या ब्रशने वरून खाली हलके घासा, पुसून कोरडे करा आणि करंजाचे तेल किंवा व्हॅसलीन प्रत्येक खवल्याच्या कडेखाली जाईल असे भरा. किडा त्यात गुदमरतो. दर दोन-तीन दिवसांनी, चार आठवडे. खवले उपटू नका, खाली मांस उघडे पडते. दुखणे जुने असेल तर पशुवैद्यक आयव्हरमेक्टिन देतात. किती दिवस अंडी खायची नाहीत ते त्यांना विचारूनच घ्या. पाय पुन्हा गुळगुळीत व्हायला काही महिने लागतात, लंगडणे मात्र लवकर कमी होते.

ती लंगडते आहे तर तिचा तळवाही बघा. मधोमध काळी खपली आणि आत गोटीसारखी गाठ असेल तर ते वेगळे दुखणे. जांभ्याच्या खरबरीत फरशीवर उंचावरून उड्या मारून तळवा फाटतो आणि जंतू शिरतात. आपण गळू कापतो तसे कापायला जाऊ नका. कोंबडीचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट बसतो, कापून वाहत नाही. लहान असेल तर कोमट मिठाच्या पाण्याचा शेक, आयोडीन आणि पट्टी. मोठी असेल तर दवाखाना. दांडी जमिनीपासून दीड फुटावर आणा, खाली भुसा टाका.

काही गोष्टी लोक आजार समजून दाखवायला आणतात आणि त्या आजार नसतात. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेला उंचवटा ही तेलाची ग्रंथी आहे, तीच चोचीत घेऊन कोंबडी पिसांना तेल लावते. तो फोड समजून पिळलेली कोंबडी मी पाहिली आहे. उघड्या मानेची कोंबडी जन्मतः तशी असते, आपल्या उन्हाळ्यात ती उलट जास्त टिकते. तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर असेल तर मात्र ती बुरशी. बुरशीचे मलम दोन-तीन आठवडे लावा, हात धुवा, क्वचित माणसाला लागते.

तुरा निळा-काळा पडून सुजला, पायांच्या कातडीखाली रक्त उतरले आणि एका-दोन दिवसांत पटापट पक्षी मेले, तर कातडीचा आजार म्हणून काही लावत बसू नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो आपल्या देशातला पहिला, आणि तेव्हापासून अशा मरतुकीची खबर लगेच द्यायची असते. मेलेले पक्षी हाताळू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. तुम्ही लिहिलेत त्यात असे काही नाही.

म्हणून आज दोन तलंगा वेगळ्या करा, एक कोंबडा बांधा, जुन्या कोंबडीचे पाय भिजवा, आणि रात्री कापड घेऊन दांडीखाली बघा. कापडावर काय आले, गुदद्वाराजवळ पळणारे होते की नुसती काळी पिसे, एवढे लिहून कळवा. त्यावरून पावडर कोणती आणि किती वेळा ते ठरवू.